संगणक बंद होताना

(शाळा, दवाखाना, छापखाना, दुकान अशा अनेक ठिकाणी आजही जुने संगणक कामात आहेत. असा संगणक बंद करताना कधी कधी पडद्यावर हार्ड डिस्कसंबंधी एखादा संदेश येतो. तो का येतो, त्याचा अर्थ काय आणि तो आल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कार्यालयात एखादा जुना संगणक असेल. त्याचा वेग कमी असतो. त्यावर विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी असते. मग शाळा तो बदलत का नाही, असे तुम्हांला वाटेल. त्याला कारण आहे. उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, सूचना आणि निकालपत्रके वर्षानुवर्षे ‘इनपेज’ या प्रोग्राममध्ये तयार होत आली आहेत. हा प्रोग्राम १९९० च्या दशकात आला आणि त्यामुळे साध्या संगणकावरही नस्तालीक लिपीत सुंदर उर्दू छापणे सोपे झाले. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीचा नाही. त्यामुळे त्या फाइली दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ उघडत नाहीत. त्या फाइलींसाठी जुना संगणक जपून ठेवावा लागतो.

आता विचार करा. याच संगणकात जनरल रजिस्टरवरून उतरवलेली नावे आणि जन्मतारखा असतील, शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे नमुने असतील, तर त्याची हार्ड डिस्क बिघडल्यावर काय होईल? संगणक दुसरा आणता येतो. त्यातील माहिती मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून हार्ड डिस्कचा संदेश समजून घेणे हे केवळ कारागिराचे काम नाही. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचे ते काम आहे.

प्रथम हार्ड डिस्क म्हणजे काय ते पाहू. धातूच्या एका बंद डबीत गुळगुळीत चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय लेप असतो. चकत्या फार वेगाने फिरतात. पुष्कळ हार्ड डिस्कमध्ये हा वेग मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे इतका असतो. ७२०० फेरे म्हणजे एका सेकंदात १२० फेरे! चकतीच्या अगदी जवळून एक बारीक हेड फिरते. तेच चकतीवर लिहिते आणि तेच वाचते. हेड आणि चकती यांच्यातले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी असते. म्हणून धुळीचा एक कण किंवा एक धक्कासुद्धा तिला पुरेसा होतो.

चकतीवर गोल रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. अशा कप्प्याला सेक्टर म्हणतात. जुन्या हार्ड डिस्कच्या एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. साधारणपणे एक इंग्रजी अक्षर म्हणजे एक बाइट. जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि तरीही तिच्यात फक्त ५० लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या मेमरी कार्डात त्याच्या हजारो पट माहिती बसते.

संगणकात माहिती दोन जागी राहते. त्यासाठी शाळेच्या कार्यालयाचा दाखला घेऊ. कारकून दिवसभर टेबलावर काम करतात. टेबलावर कागद पसरलेले असतात. संध्याकाळी ते कागद फाइलींत लावून कपाटात ठेवले जातात. संगणकाची रॅम म्हणजे हे टेबल, आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबलावरचे काम झटपट होते. पण वीज गेली की टेबल क्षणात कोरे होते. कपाटात ठेवलेले मात्र वीज गेली तरी राहते.

कारकून प्रत्येक कागदासाठी उठून कपाटाकडे जात नाहीत. चारदोन कागद जमले की एकदम जातात. संगणकही तसेच करतो. तुम्ही ‘सेव्ह’ म्हणता तेव्हा माहिती नेहमी त्याच क्षणी चकतीवर पोहोचते असे नाही. ती थोडा वेळ रॅममध्ये थांबते आणि सवडीने लिहिली जाते. याला विलंबित लेखन म्हणतात. एवढेच नव्हे, तर हार्ड डिस्कच्या आतही एक छोटी तात्पुरती स्मृती असते. तिला कॅशे म्हणतात. आलेली माहिती प्रथम तेथे उतरते आणि मग चकतीवर जाते. या युक्तीमुळे संगणकाचा वेग वाढतो.

आता संगणक बंद करण्याची वेळ आली, असे समजा. तुम्ही ‘शट डाउन’ निवडता आणि खुर्चीवरून उठता. पण संगणकाचे काम त्या वेळी सुरू होते! तो उघडे प्रोग्राम बंद करतो. तुमच्या आवडीनिवडींच्या नोंदी, म्हणजे सेटिंग, साठवतो. रॅममध्ये थांबलेले सगळे लेखन हार्ड डिस्ककडे पाठवतो. मग हार्ड डिस्कला सांगतो, ‘तुझी कॅशे रिकामी कर.’ शेवटी वीज तोडली जाते आणि हेड सुरक्षित जागी जाऊन बसते. म्हणजे दिवसभराचा हिशोब याच अर्ध्या-एक मिनिटात चुकता होतो.

म्हणूनच दिवसभर न दिसलेला दोष बंद करतानाच दिसतो. दिवसभर काम टेबलावर चालले होते. संध्याकाळी कपाट उघडायला गेलो तर खण अडकला. खण काही संध्याकाळी बिघडला नाही. तो बिघडला आहे हे आपल्याला संध्याकाळी कळले.

बंद होताना येणारे सर्व संदेश सारखे नसतात. काही संदेश मुळीच घाबरण्याजोगे नसतात. विंडोज ९५ किंवा ९८ असलेल्या जुन्या संगणकात काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे येतात. त्यांचा अर्थ एवढाच, की आता संगणक बंद करण्यास हरकत नाही. त्या संगणकांना स्वतःची वीज स्वतः तोडता येत नसे. बटण माणसालाच दाबावे लागे. हा बिघाड नव्हे.

दुसरा संदेश सांगतो, की अमुक प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. हाही बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा दोष नसतो. एखादी फाइल साठवायची राहिलेली असते आणि प्रोग्राम तुमच्या उत्तराची वाट पाहत असतो. अशा वेळी ‘रद्द करा’ म्हणावे, त्या प्रोग्राममध्ये जाऊन फाइल साठवावी आणि मग पुन्हा बंद करावे.

तिसरा संदेश मात्र गंभीर आहे. विंडोज एक्सपीमध्ये ‘डिलेड राइट फेल्ड’ असे शब्द येतात आणि पुढे फाइलीचे नाव असते. विलंबित लेखन फसले, त्या फाइलीची सर्व माहिती साठवता आली नाही, आणि दोष यंत्राच्या एखाद्या भागात किंवा नेटवर्कच्या जोडणीत असू शकतो, असा त्याचा अर्थ. येथे फाइलीचे नाव आणि ड्राइव्हचे अक्षर नीट वाचा. अक्षर पेन ड्राइव्हचे असेल तर बहुधा कोणीतरी तो लेखन पुरे होण्याआधीच उपसून काढला आहे. नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाचे नाव असेल तर तो संगणक आधी बंद झाला असेल. पण अक्षर सी असेल, तर संगणकाच्या आतल्या हार्ड डिस्ककडेच लक्ष द्यायला हवे.

चौथे लक्षण असे, की संदेश येतच नाही. ‘सेटिंग साठवत आहे’ या पडद्यावर संगणक दहा-दहा मिनिटे अडून राहतो आणि हार्ड डिस्कचा दिवा सारखा पेटलेला असतो. याचे एक कारण असे असू शकते, की एखादा सेक्टर कमकुवत झाला आहे आणि हार्ड डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत आहे.

विंडोज ९८ ची एक गोष्ट वेगळीच होती. संगणक व्यवस्थित बंद केला, तरी दुसऱ्या दिवशी सुरू करताना ‘तुम्ही संगणक नीट बंद केला नव्हता’ असे सांगून स्कॅनडिस्क तपासणी सुरू होई. वापरणाऱ्याला वाटे, हा संगणक उगीच आपल्यावर आळ घेतो! खरे कारण असे होते. नवे संगणक वेगवान झाले आणि हार्ड डिस्कची कॅशे मोठी झाली. विंडोज इतक्या चटकन वीज तोडू लागले, की कॅशेतील शेवटच्या ओळी चकतीवर उतरण्यापूर्वीच अंधार होई. पुढे मायक्रोसॉफ्टने यावर एक दुरुस्ती काढली. ती बसवली की विंडोज वीज तोडण्यापूर्वी क्षणभर थांबते. दोष ना माणसाचा होता, ना चकतीचा. तो घाईचा होता.

आता उपाय पाहू. उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला तर वाचू शकणारी माहितीही जाते.

पहिली पायरी : संदेश जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या. तारीख, वेळ, फाइलीचे नाव, ड्राइव्हचे अक्षर आणि आकडे असतील तर तेही लिहा. पुष्कळ जण न वाचताच ‘ओके’ दाबतात आणि कारागीर आला की म्हणतात, ‘काहीतरी इंग्रजीत आले होते.’ एवढ्यावरून कोणता कारागीर काय सांगणार?

दुसरी पायरी : हार्ड डिस्कचा आवाज ऐका. नेहमीच्या मंद गुणगुणण्याऐवजी ‘टिक्-टिक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक वेळी सुरू करण्याने चकतीचे अधिक नुकसान होते. येथून पुढचे काम माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराचे आहे.

तिसरी पायरी : आवाज ठीक असेल तर इतर काहीही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती काढा. तपासणी नंतर, दुरुस्ती नंतर, आधी प्रत. प्रत त्याच हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही, कारण सी आणि डी हे बहुधा एकाच कपाटाचे दोन खण असतात. प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

चौथी पायरी : हार्ड डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते पाहा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर बंद होताना लिहायला जागा राहत नाही. हायबरनेट करताना तर रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर ठेवावा लागतो. नको असलेल्या तात्पुरत्या फाइली काढा आणि कचरापेटी रिकामी करा.

पाचवी पायरी : संगणकाची रोजनिशी वाचा. विंडोज एक्सपीमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची सोय आहे. कंट्रोल पॅनलमधील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’मध्ये ती सापडते. तिच्यातील ‘सिस्टिम’ या भागात लाल आणि पिवळ्या खुणा पाहा. नोंदीचा स्रोत ‘डिस्क’ आणि क्रमांक ७ असेल तर सेक्टर खराब झाला आहे. क्रमांक ११ असेल तर कंट्रोलरची चूक नोंदली गेली आहे. अशा वेळी केबलकडे आधी पाहावे. क्रमांक ५१ म्हणजे रॅम आणि डिस्क यांच्यातील देवघेवीत चूक झाली. स्रोत ‘एनटीएफएस’ आणि क्रमांक ५५ असेल तर फाइलींची मांडणी बिघडली आहे.

सहावी पायरी : केबल तपासा. ही पायरी मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा. झाकण उघडा. जुन्या हार्ड डिस्कला रुंद, चपटी केबल असते. तिच्या टोकाला ४० छिद्रे असतात. नंतरच्या हार्ड डिस्कला सॅटा नावाची अरुंद केबल असते. उष्णतेने आणि हादऱ्यांनी ती सैल होते. ती काढून पुन्हा घट्ट बसवा. घडी पडलेली किंवा चिरलेली असेल तर बदला. थोड्याशा पैशांची केबल बदलून हजारोंची चिंता मिटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मदरबोर्डवरील लहान डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर वीजपुरवठ्यात गडबड होऊ शकते. ते जाणकाराला दाखवा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

सातवी पायरी : आता डिस्कची तपासणी करा. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून सी ड्राइव्हवर उजवे बटण दाबा, ‘प्रॉपर्टीज’ निवडा, ‘टूल्स’मध्ये जा आणि ‘चेक नाऊ’ म्हणा. फाइलींच्या चुका दुरुस्त करण्याच्या चौकटीवर खूण करा. सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे संगणक म्हणेल, की पुढच्या वेळी सुरू होताना तपासू. त्याला होकार द्या. खराब सेक्टरांचीही तपासणी निवडली तर पाच टप्पे होतात आणि काही तास लागू शकतात. मध्येच वीज तोडू नका. विंडोज ९८ मध्ये हेच काम स्कॅनडिस्क करते.

ही तपासणी काय करते आणि काय करीत नाही, हेही समजून घ्या. ती फाइलींची यादी आणि चकतीवरील प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ घालते. खराब सेक्टरवर ‘येथे लिहू नये’ अशी खूण करते. सापडलेले सुटे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. पण झिजलेली चकती ती नवी करू शकत नाही. चाचपडून खड्डे शोधणारा माणूस खड्ड्याभोवती दगड मांडतो. रस्ता दुरुस्त करीत नाही.

आठवी पायरी : हार्ड डिस्कचे स्वतःचे प्रगतिपुस्तक पाहा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हार्ड डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची सोय येऊ लागली. प्रत्येक हार्ड डिस्कजवळ काही राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर खराब झाला की त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरला जातो आणि त्याची मोजणी ठेवली जाते. मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामने ही मोजणी वाचता येते. ५ क्रमांकाची नोंद बदललेले सेक्टर दाखवते. १९७ क्रमांकाची नोंद संशयित सेक्टर दाखवते. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर बहुधा केबलचा दोष असतो. हे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. आकडा स्थिर असेल तर थोडा धीर धरता येईल. आकडा वाढतच असेल तर ती हार्ड डिस्क चालू आहे तोवरच तिची संपूर्ण नक्कल नव्या डिस्कवर करून घ्या.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. दिवा लुकलुकत असताना बटण चार सेकंद दाबून धरून संगणक बंद करू नका; तो अगदी शेवटचा उपाय आहे. डिस्कवर शंका असताना ‘डिफ्रॅग’ चालवू नका, कारण त्याने दुबळ्या चकतीवर फार ताण येतो. कोणी ‘फॉरमॅट करून टाका’ असे म्हणाले, तर आधी प्रत झाली आहे का ते विचारा. हार्ड डिस्कची डबी कुतूहल म्हणूनही उघडू नका. यूपीएसची बॅटरी जुनी झाली असेल तर ती बदला. आणि एक लक्षात ठेवा : विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये, आणि त्याला लावायचा पेन ड्राइव्ह आधी तपासून घ्यावा.

आजच्या पुष्कळ संगणकांत फिरणाऱ्या चकत्या नसतात. त्यांतील डिस्क चिपची बनलेली असते. ती धक्क्याने सहसा बिघडत नाही. पण तीही कायमची नसते, आणि बिघडताना आवाजही करीत नाही. म्हणून प्रत ठेवण्याचा नियम तिलाही लागू आहे.

मित्रांनो, दाखल्यावरील एका जन्मतारखेसाठी पुढे महाविद्यालयात, नोकरीत आणि पासपोर्टच्या कचेरीत विचारणा होते. अशा शेकडो तारखा त्या छोट्या डबीत फिरत असतात. उद्या शाळेत गेलात की कार्यालयातील कारकुनांना अदबीने एक प्रश्न विचारा : “सर, या संगणकातील फाइलींची शेवटची प्रत कधी काढली होती?” उत्तर लगेच मिळाले तर उत्तम. ते आठवू लागले, तर त्यांना म्हणा, “आपण आजच काढू या का?”

शब्दार्थ

चकती – गोल, पातळ तबकडी
विलंबित – उशिरा होणारे
आळ घेणे – खोटा आरोप करणे
चुकता होणे – पूर्ण फिटणे
रोजनिशी – रोजच्या नोंदींची वही
कटाक्षाने – काळजीपूर्वक, आवर्जून
अदबीने – आदराने, नम्रतेने

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जगातील पहिली हार्ड डिस्क केव्हा आली?
(आ) विलंबित लेखन कशाला म्हणतात?
(इ) टिक्-टिक् असा आवाज आला तर काय करावे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दिवसभर न दिसलेला दोष संगणक बंद करतानाच का दिसतो?
(आ) डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत सुरक्षित का नाही?
(इ) डिस्कची तपासणी काय करते आणि काय करीत नाही?

३. कारण लिहा. – विंडोज ९८ मध्ये संगणक नीट बंद करूनही स्कॅनडिस्क सुरू होई.

४. दफ्तर, हजेरी, दाखला, हिशोब, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सारखाच आहे का, ते पाहा.

५. उपक्रम – शिक्षकांच्या मदतीने शाळेतील संगणकाची एक वही करा. तिच्यात संदेश, तारीख आणि प्रत काढल्याचा दिवस यांची नोंद ठेवा.